प्रीस्कूल स्पेशल एज्युकेशनची नोकरी: अमेरिकेत ऑफर किती आणि हातात किती

"न्यू जर्सीत साठ हजार घेऊ की टेक्सासमध्ये पंचावन्न?" असा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. विचारणारी बहुतेकदा आपल्यातलीच कुणीतरी असते. भारतात शिक्षिका किंवा मानसशास्त्राची पदवीधर, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेली, वर्क परमिट मिळाल्यावर शाळेत मदतनीस म्हणून लागलेली. मग तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या विशेष वर्गात जीव रमला म्हणून तिने रीतसर सर्टिफिकेट घेतलेलं असतं. माझी वाटही हीच. तिला मी उलट विचारते, "ते साठ हजार देणार कोण?" शहर नंतर बघू. या नोकरीत दोन शहरांतल्या महागाईने जेवढा फरक पडतो, तेवढाच आणि कधी कधी त्याहून जास्त फरक पगार कोण देतं यावरून पडतो. म्हणून हिशेबाची सुरुवात तिथून.

आधी मालक ओळखा

अपंग मुलांच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदा १९७५ चा. आज तो आयडीईए नावाने ओळखला जातो. १९८६ च्या दुरुस्तीने तीन ते पाच वर्षांची मुलंही त्याच्या पूर्ण कक्षेत आली. तिसऱ्या वाढदिवसापर्यंत मूल अर्ली इंटरव्हेन्शनमध्ये, म्हणजे तीन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या मदत-सेवेत असतं. वाढदिवस झाला की त्याची जबाबदारी डिस्ट्रिक्टवर, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेवर येते आणि त्याचा आयईपी, म्हणजे त्या एका मुलापुरती शिक्षणाची लेखी योजना, तयार होतो. ही जबाबदारी डिस्ट्रिक्ट स्वतःचा वर्ग चालवून पार पाडू शकतं, मुलाला खासगी शाळेत पाठवून तिची फी भरू शकतं, किंवा एखाद्या एजन्सीमार्फत मुलाच्या घरी अथवा नर्सरीत फिरती शिक्षिका पाठवू शकतं. मूल तेच, आयईपी तोच, तुमचं कामही जवळजवळ तेच. पगार मात्र तीन तऱ्हांचे.

डिस्ट्रिक्टमध्ये तुम्ही इतर शिक्षकांच्याच वेतनतक्त्यावर असता. तीन वर्षांच्या मुलांना शिकवता म्हणून तिथे पगार कमी होत नाही, आणि मला तरी ही या क्षेत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. खासगी शाळांना सरकारकडून ठरावीक दर मिळतो आणि पगार त्यातूनच द्यावा लागतो. न्यूयॉर्कमध्ये अशा मान्यताप्राप्त प्रीस्कूल कार्यक्रमांना तिथल्या शिक्षण कायद्याच्या कलमावरून सरळ '४४१० शाळा' म्हणतात. तिथल्या शिक्षिका आणि शहराच्या सरकारी शाळांतल्या शिक्षिका यांच्या पगारातली तफावत हा तिथला जुना वाद आहे. फिरत्या कामाला तासाचा किंवा भेटीचा दर असतो, आणि तो ऐकायला फार छान वाटतो. मी एक हिवाळा एका एजन्सीसाठी असं काम केलं. एका आठवड्यात २२ भेटी ठरलेल्या होत्या. दोन दिवस बर्फ पडला, एका मुलाचा कान दुखत होता, एका आईने दारातूनच "आज नको" म्हटलं. १४ भेटींचे पैसे मिळाले. उरलेल्या आठ भेटींच्या वेळेत मी गाडीत बसून प्रगतीच्या नोंदी लिहिल्या, आणि त्या नोंदींना दर नव्हता.

तेव्हा भेटीचा दर ऐकला की तीन गोष्टी विचारा. रद्द झालेल्या भेटीचे पैसे मिळतात का? दोन घरांमधल्या प्रवासाच्या वेळेचं काय? मैलांचे पैसे मिळतात का? आयआरएसचा, म्हणजे केंद्रीय कर खात्याचा, २०२५ चा दर मैलाला ७० सेंट होता. एजन्सीने तो दिला नाही, तर पगारदार नोकराला तो खर्च केंद्रीय करातून वजाही करता येत नाही. ती सोय २०१८ पासून बंद आहे.

आकडा योग्य रकान्यातून उचला

नेटवर 'प्रीस्कूल टीचर सॅलरी' शोधलं की जे आकडे दिसतात, ते बहुतेक तुमचे नसतात. ब्यूरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स दरवर्षी व्यवसायनिहाय वेतन प्रसिद्ध करतं. त्यात साध्या प्रीस्कूल शिक्षिकेचा कोड २५-२०११ आणि प्रीस्कूलच्या विशेष शिक्षिकेचा २५-२०५१. मे २०२३ च्या आकड्यांत साध्या प्रीस्कूल शिक्षिकांचं मध्यम वेतन (निम्म्या जणींना याहून कमी, निम्म्यांना जास्त) वर्षाला ३७,१३० डॉलर होतं, तर सर्व इयत्तांच्या विशेष शिक्षकांचं मिळून ६५,९१०. ऑफर देणाऱ्याच्या डोक्यात पहिला आकडा आणि तुमच्या डोक्यात दुसरा असेल, तर मुलाखतीत दोघंही सभ्यपणे एकमेकांना वेडं समजत बसता.

त्याच संकेतस्थळावर राज्य आणि मेट्रोनुसार, म्हणजे महानगर परिसरानुसार, २५-२०५१ उघडा. काही ठिकाणी रकाना रिकामा दिसेल, कारण हा व्यवसाय छोटा आहे आणि नोंदी कमी असल्या की आकडा छापला जात नाही. तसं झालं तर शेजारच्या मेट्रोचा किंवा राज्याचा आकडा घ्या. दोन बाबी ध्यानात असू द्या. हे अंदाज तीन वर्षांत गोळा केलेल्या नोंदींवरून काढतात, त्यामुळे नुकतीच झालेली पगारवाढ त्यात पुरती उतरलेली नसते. आणि विमा, पेन्शन, ओव्हरटाइम त्यात धरलेला नसतो.

तक्ता वाचायला शिका

डिस्ट्रिक्टची ऑफर असेल तर सरकारी सरासरी बाजूला ठेवा. खरा आकडा डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर वेतनतक्त्याच्या पीडीएफमध्ये असतो. न्यू जर्सीत शिक्षक संघटनांचे करार राज्याच्या सार्वजनिक सेवा संबंध आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. तक्त्यात खाली उतरत जाणाऱ्या ओळींना स्टेप म्हणतात, म्हणजे नोकरीची वर्षं. आडव्या रकान्यांना लेन किंवा कॉलम म्हणतात, म्हणजे शिक्षण: बी.ए., बी.ए. अधिक १५ क्रेडिट, अधिक ३०, एम.ए., एम.ए. अधिक ३०. तुमची ओळ आणि तुमचा रकाना जिथे मिळतात, तो तुमचा पगार.

त्या चौकटीतल्या आकड्यावर घासाघीस होत नाही. घासाघीस होते ती चौकट कोणती यावर, आणि तीही पहिल्याच दिवशी. एकदा तिसऱ्या स्टेपवर बसलात की पुढच्या सगळ्या वाढी तिथूनच सुरू होतात. भारतातल्या पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. एनएसीईएसची, म्हणजे परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांच्या संघाची, सदस्य असलेली संस्था निवडा आणि अहवाल विषयवार मागवा. नुसता 'पदवी समकक्ष आहे' एवढा अहवाल लेन ठरवायला पुरत नाही. तुमची एम.ए. इथली एम.ए. मानली गेली तर थेट त्या रकान्यात. भारतातली शिकवण्याची वर्षं धरायची की नाही, हे डिस्ट्रिक्टच्या धोरणावर असतं. जुन्या शाळेकडून लेटरहेडवर तारखांसह अनुभवपत्र आणून ठेवा आणि विचारा. आपण विचारायला लाजतो. माझ्या वर्गाशेजारची एक शिक्षिका सहा वर्षांचा अनुभव असून पहिल्या स्टेपवर लागली, कारण तिला कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, इलिनॉय, न्यूयॉर्क इथे तक्ता संघटना आणि शिक्षण मंडळ यांच्या वाटाघाटीतून ठरतो. टेक्सासमध्ये शिक्षकांना सामूहिक वाटाघाटीचा अधिकार नाही. राज्य किमान तक्ता देतं आणि त्यावर किती द्यायचं ते डिस्ट्रिक्ट ठरवतं. विशेष शिक्षकांसाठी वेगळा भत्ता आहे का, हे दोन्हीकडे विचारावं. हवाईने जानेवारी २०२० पासून तो वर्षाला १०,००० डॉलर केला. बाकी ठिकाणी तो सहसा याहून पुष्कळ कमी असतो, आणि बऱ्याच ठिकाणी नसतोच.

दिवसांनी भागा

डिस्ट्रिक्टचा करार दहा महिन्यांचा असतो. टेक्सासमध्ये त्याचे १८७ दिवस. खासगी केंद्र बारमाही चालतं. समजा, डिस्ट्रिक्ट ५५,००० देतंय आणि केंद्र ५८,०००. केंद्राचे कामाचे दिवस २३५ आहेत. भागाकार करा: डिस्ट्रिक्टमध्ये दिवसाला २९४ डॉलर, केंद्रात २४७. शिवाय उन्हाळ्यात डिस्ट्रिक्टचं विस्तारित शालेय वर्ष असतं, त्याचे पैसे वेगळे. ते काम घ्यायचं की नाही, हे बहुधा तुम्ही ठरवता.

भागाकार इथे थांबवू नका. किती मुलं, हेही विचारा. प्रीस्कूलचे बरेच विशेष वर्ग अर्धवेळ असतात: सकाळी एक गट, जेवणानंतर दुसरा. ऑफरमध्ये 'वर्गात दहा मुलं' लिहिलेलं असतं. सकाळी दहा आणि दुपारी दहा म्हणजे वीस आयईपी, वीस वार्षिक बैठका, वीस घरांशी पत्रव्यवहार. शिवाय दर महिन्याला कुणा ना कुणाचा तिसरा वाढदिवस येतो आणि वर्षाच्या मध्यातच नवीन मूल दाखल होतं. पहिलीच्या शिक्षिकेची यादी सप्टेंबरात भरते. तुमची मेपर्यंत भरतच असते. वर्गात मदतनीस किती आहेत आणि एखादी आजारी पडली तर बदली येते का, हेही याच प्रश्नाला जोडून विचारा.

मग महागाईने भागा

ब्यूरो ऑफ इकॉनॉमिक अ‍ॅनालिसिस प्रत्येक राज्याचा आणि मेट्रोचा किंमत-निर्देशांक काढतं. देशाची सरासरी १०० धरलेली असते. २०२३ च्या आकड्यांत कॅलिफोर्निया ११२-११३ च्या आसपास, न्यू जर्सी १०९ च्या, तर तळाला आर्कान्सा ८६-८७ च्या आसपास. पगाराला या आकड्याने भागा आणि १०० ने गुणा. कॅलिफोर्नियातले ७८,००० डॉलर, निर्देशांक ११२.५ धरला तर ६९,३३३ होतात. आर्कान्सातले ६०,००० डॉलर, निर्देशांक ८६.५ धरला तर ६९,३६४. अठरा हजारांचा फरक पुसला गेला. राज्याचा आकडा नुसता अंदाजापुरता घ्या. एकाच राज्यात मोठ्या शहराचा आणि आतल्या गावाचा निर्देशांक खूप वेगळा असतो, आणि शहराबाहेरच्या भागांचा वेगळा आकडाही दिलेला असतो.

हा भागाकार मला आवडतो, कारण भांडण मिटतं. पण त्यावर घर बदलू नये. निर्देशांक सगळ्या वस्तूंची सरासरी सांगतो, आणि शहरांमधली खरी दरी एकाच गोष्टीत असते: भाडं. दूध, कपडे, फोन सगळीकडे उन्नीस-बीस. तुमच्या पगाराचा मोठा भाग भाड्यात जाणार असेल, तर निर्देशांकापेक्षा तुम्हाला जास्त चटका बसेल. घर आधीच घेतलेलं असेल आणि तुम्ही शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये नोकरी धरत असाल, तर निर्देशांकाचा काडीचा उपयोग नाही. मग रोजचा प्रवास आणि टोल मोजा.

भाड्यासाठी गृहनिर्माण खात्याचं 'फेअर मार्केट रेंट' बघा. दर ऑक्टोबरात नवं येतं, काउंटीनुसार असतं, आणि महानगरांसाठी झिपकोडनुसारही मिळतं. नुकतीच भाड्याने गेलेली शंभर सर्वसाधारण घरं भाड्याच्या चढत्या क्रमाने लावली, तर चाळिसाव्या घराचं भाडं म्हणजे हा आकडा. वीज-गॅस त्यात धरलेलं, इंटरनेट नाही. आपली माणसं जिथे घर शोधतात, म्हणजे एडिसन, प्लेनो, नेपरव्हिल, फ्रीमॉन्ट, तिथे शाळा बघून घर घेतात. त्या गावात चाळिसाव्या घरावर हिशेब मांडू नका. प्रत्यक्ष जाहिराती उघडा आणि जो आकडा दिसेल तो घ्या.

उरलेल्या खर्चासाठी एमआयटीचं लिव्हिंग वेज कॅल्क्युलेटर चांगलं आहे. काउंटी निवडा, घरात कमावणारे किती आणि मुलं किती ते निवडा. पाळणाघराचा रकाना नीट वाचा. दोन लहान मुलं असतील तर कित्येक काउंट्यांत तो रकाना भाड्यालाही मागे टाकतो. दुसऱ्यांची तीन वर्षांची मुलं सांभाळायला जाताना स्वतःच्या तीन वर्षांच्या मुलाचं पाळणाघर परवडत नाही, ही या पेशातली थट्टा अनेकींनी सोसली आहे. हे कॅल्क्युलेटर जेमतेम जगण्याचा खर्च सांगतं. त्यात बचत नाही, बाहेर जेवणं नाही, आणि दोन वर्षांनी चार जणांची मुंबईची तिकिटं तर नाहीतच. ती ओळ स्वतः वाढवा.

पहिली पेस्लिप

आता हातात येणारी रक्कम. न्यू जर्सीतले ६०,००० घेऊ. सप्टेंबर ते जून, महिन्याला दोन, असे २० चेक. प्रत्येक ३,००० चा. शिक्षक पेन्शन फंडाचे ७.५ टक्के म्हणजे २२५ गेले. सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतन योजनेचे, ६.२ टक्के, १८६. मेडिकेअरचे, म्हणजे म्हातारपणच्या सरकारी आरोग्य विम्याचे, १.४५ टक्के, ४३.५०. राहिला केंद्रीय कर, आणि तिथेच बहुतेकींचा अंदाज चुकतो.

नवऱ्याचा पगार आधीच आहे आणि विवरणपत्र एकत्र भरता, म्हणून तुमचा पगार त्याच्या पगाराच्या डोक्यावर चढतो. २०२४ च्या टप्प्यांत, वजावटीनंतरचं एकत्र उत्पन्न ९४,३०० च्या वर गेलं की पुढच्या डॉलरला २२ टक्के, आणि २,०१,०५० च्या वर २४ टक्के. नवऱ्यानेच पहिले टप्पे भरून टाकले असतील तर तुमच्या पहिल्या डॉलरपासून २२ टक्के लागतात. पेन्शन वजा जाता २,७७५ वर २२ टक्के म्हणजे ६१०.५०. एकूण कपात १,०६५. हातात १,९३५, आणि अजून राज्याचा कर, आरोग्य विमा आणि संघटनेची वर्गणी बाकी आहे. जुलै-ऑगस्टला चेक नाही. बऱ्याच डिस्ट्रिक्टांत दर चेकमधून थोडी रक्कम कापून उन्हाळ्यात परत देण्याची सोय असते, ती नोकरी लागतानाच मागा. घरमालक उन्हाळ्याची सुट्टी घेत नाही.

पगारातून किती कर कापायचा हे ठरवणाऱ्या डब्ल्यू-फोर फॉर्ममध्ये दुसऱ्या पायरीला एक छोटा चौकोन आहे, दोघंही नोकरी करत असाल तर खूण करण्याचा. दोघांचे पगार साधारण सारखे असतील तर दोघांनीही खूण करावी. फार तफावत असेल तर आयआरएसच्या कॅल्क्युलेटरवरून जादा कपात लिहावी. तो रिकामा सोडला की वर्षभर चेक गुबगुबीत दिसतो आणि एप्रिलमध्ये भुर्दंड बसतो. आणखी एक छोटी चिडचीड: शिक्षकांना स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वर्गसाहित्यासाठी मिळणारी वजावट बालवाडी ते बारावीसाठीच आहे. इथली बालवाडी म्हणजे किंडरगार्टन. प्रीस्कूलवाल्यांच्या खडूंना ती लागू नाही.

टेक्सासला राज्याचा उत्पन्न कर नाही, हे सगळे सांगतात. हे कमी जण सांगतात: तिथल्या बहुतेक डिस्ट्रिक्टांत शिक्षकांचे पैसे सोशल सिक्युरिटीत जात नाहीत. त्याऐवजी राज्याच्या निवृत्ती फंडात ८.२५ टक्के जातात. कॅलिफोर्नियातही तसंच, तिथे दहा टक्क्यांच्या किंचित वर. इलिनॉयमध्ये ९. याने आज काही बिघडत नाही, पण सोशल सिक्युरिटीसाठी लागणारे ४० क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम, त्या नोकरीत जमत नाहीत. भारत आणि अमेरिका यांच्यात यासाठी करार नाही, त्यामुळे भारतातली वर्षं इथे जोडता येत नाहीत. पूर्वी असं पेन्शन घेणाऱ्याला जोडीदाराच्या सोशल सिक्युरिटीवर मिळणाऱ्या लाभाला कात्री लागायची, तो नियम जानेवारी २०२५ च्या कायद्याने गेला.

राज्याचं पेन्शन पक्कं व्हायलाही वर्षं लागतात: टेक्सास आणि कॅलिफोर्नियात ५, न्यू जर्सीत १०. त्याआधी निघालात तर तुमचा वाटा काढून घेता येतो, मालकाने भरलेलं तुमचं होत नाही. ग्रीन कार्डची रांग, नवऱ्याच्या बदल्या, भारतात परतायचा विचार यांतलं काहीही डोक्यात असेल, तर पेन्शनला पगाराचा भाग धरू नका. मी सरळ शून्य धरते.

आरोग्य विमा नवऱ्याच्या कंपनीतून असेल तर डिस्ट्रिक्टचा नाकारल्याबद्दल काही ठिकाणी रोख रक्कम मिळते. किती, ते विचारा. नसेल तर कुटुंबाचा हप्ता किती ते आधी लेखी घ्या. खासगी केंद्रांच्या ऑफरमध्ये 'विमा उपलब्ध' एवढंच लिहिलेलं असतं, आणि कुटुंबाचा हप्ता कळल्यावर त्या ५८,००० चा रंग उडतो.

सही करण्याआधी

भरती मार्च ते जूनमध्ये जोरात असते. ऑगस्टात घाबरलेली डिस्ट्रिक्टं पुन्हा फोन करतात आणि तेव्हा स्टेपवर जरा ढील मिळते. एकदा मिळाली म्हणून ऑगस्टची वाट बघत बसू नका.

स्टेप, लेन, कराराचे दिवस, मुलांची कमाल संख्या, उन्हाळी कामाचा तासाचा दर हे सगळं ईमेलवर घ्या. जॉइनिंग बोनस असेल तर किती वर्षांत सोडल्यास परत करावा लागतो, ते वाचा. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असाल तर वर्क परमिटची तारीख शालेय वर्षाच्या मधे येते का ते पाहा. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल झालेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही. फेब्रुवारीत परमिट संपलं तर बिनपगारी रजा, आणि विमा तुमच्या नावावर असेल तर त्याचाही प्रश्न. अर्ज सहा महिने आधी करता येतो, त्या दिवशीच करा.

आणि घर बदलणार असाल तर एवढं थांबा. मुख्याध्यापिकेने "यू आर हायर्ड" म्हटलं, मनुष्यबळ विभागाचं पत्रही आलं, तरी डिस्ट्रिक्टमध्ये नेमणूक पक्की होते ती शिक्षण मंडळाच्या बैठकीत. बैठका महिन्यातून एक किंवा दोन असतात. बैठकीचा अजेंडा आधी आणि इतिवृत्त नंतर संकेतस्थळावर येतं. त्यात तुमचं नाव, स्टेप आणि पगार दिसला की मग लीजवर सही करा.